किल्ली आणि कर्ता

मराठ्यांच्या अमदानीतील महजर चाळताना पाटलाच्या नावापुढे नांगराची आणि शेटेमहाजनांच्या नावापुढे तराजूची निशाणी काढलेली आढळते. ज्याला स्वतःचे नाव लिहिता येत नव्हते त्याची ओळख त्या रेघोट्यांवर नव्हे, तर दस्तऐवजात ‘हाजिर मजालस’ म्हणून नोंदलेल्या, त्याला जन्मापासून ओळखणाऱ्या माणसांवर उभी होती. नांगर कोणीही काढू शकला असता. तो अमक्यानेच काढला, हे सांगणारे गोत समोर बसलेले होते. ती मजालस आता उठली आहे. तिच्या जागी आलेल्या इलेक्ट्रॉनिक स्वाक्षरीने माणूस खरोखर ओळखला जातो काय, हा प्रश्न वरवर कायद्याचा किंवा यंत्रशास्त्राचा दिसला, तरी कर्ता कोणास म्हणावे या प्राचीन प्रश्नाचेच ते नवे रूप आहे.

सन 2000 च्या माहिती तंत्रज्ञान अधिनियमाने ज्या अंकीय स्वाक्षरीस मान्यता दिली, तिची रीत अशी की, मजकुराचा एक गणिती गोषवारा काढून तो स्वाक्षरी करणाराच्या खासगी किल्लीने मुद्रित करावयाचा आणि तिच्या जोडीच्या जाहीर किल्लीने तो कोणीही पडताळून पाहावयाचा. मजकुरातला एक काना जरी हलला तरी पडताळणी फसते. 1773 साली नारायणराव पेशव्यांच्या वधापूर्वी राघोबादादांच्या ‘धरावे’ या हुकमातील ‘ध’चा ‘मा’ झाल्याची जी आख्यायिका आहे, तसा फेरफार या व्यवस्थेत तत्काळ उघडा पडला असता. परंतु फेरफार करणाराच्या हाती राघोबादादांची किल्लीच असती तर? तर ‘मारावे’ हा हुकूमही त्याच गणिताने, तितक्याच निःशंकपणे, राघोबादादांच्या नावे प्रमाणित केला असता.

नैयायिकांच्या भाषेत बोलावयाचे तर येथे दोन अनुमाने एकास एक चिकटवलेली आहेत. स्वाक्षरीवरून किल्लीचे अनुमान करताना जी व्याप्ती लागते ती जवळजवळ निरपवाद आहे. किल्लीवरून कर्त्याचे अनुमान मात्र पदोपदी व्यभिचरित होते. संचालकाचे डीएससी, म्हणजे अंकीय स्वाक्षरीच्या दाखल्याचे, टोकन पिनच्या चिठ्ठीसह सनदी लेखापालाच्या कचेरीत पडून असते आणि विवरणपत्रे कारकून भरतो, हे व्यापारउदीम करणाऱ्या कोणास ठाऊक नाही? सेवा केंद्राच्या खिडकीशी उभी असलेली म्हातारी आपल्या मोबाइलवर आलेला ओटीपी पलीकडच्या तरुणास वाचून दाखवते, तेव्हा ‘सही’ कोणाची झाली? ही किल्ली अमक्याची, असे सांगणारा जो दाखला प्रमाणन प्राधिकरण देते, तो गणित नसून शब्दप्रमाण आहे आणि त्याची योग्यता सांगणारा आप्त किती विश्वसनीय यावरच ठरते. 2011 साली नेदरलँड्समधील डिजिनोटार या प्रमाणन संस्थेच्या यंत्रणेत घुसखोरी होऊन खोटे दाखले निघाले, तेव्हा गणितात तिळमात्र चूक नव्हती; ढळला होता तो आप्त.

आणि समजा, किल्ली कधीच दुसऱ्याच्या हाती गेली नाही, तरी प्रश्न संपत नाही. किल्ली ही अंकांची मालिका असल्यामुळे ती आहे तशीच राहते. माणूस तसा राहत नाही. मिलिंदप्रश्नात नागसेन राजाला एका ग्राहकाचा वाद सांगतो. त्याने गवळ्याकडून दूध विकत घेऊन त्याच्याकडेच ठेवले, दुसऱ्या दिवशी त्याचे दही झाले, आणि मी दही घेतलेच नव्हते असे तो म्हणू लागला. निवाडा गवळ्याच्या बाजूने होतो, कारण दही दुधाहून भिन्न असले तरी त्याच्याच संततीतले आहे. करार करणारा मी आणि तो पाळणारा मी यांना बांधणारी वस्तू अविकारी नसून, मागच्या क्षणाचे ऋण पुढच्या क्षणाने आपले म्हणून पत्करणे हीच ती बांधणी आहे, असा मी त्या दृष्टान्ताचा अर्थ घेतो. मग स्वाक्षरी ही ओळखीची सिद्धी राहत नाही. ती आगाऊ दिलेली कबुली ठरते.

कायद्यानेही, मला वाटते, नकळत हेच मानले आहे. अधिनियमाचे कलम 42 किल्लीधारकावर ती ताब्यात राखण्याचा भार टाकते, आणि ती दुसऱ्याच्या हाती गेल्याची वर्दी प्रमाणन प्राधिकरणास मिळेपर्यंत त्यालाच जबाबदार धरते; म्हणजे तूच सही केलीस हे सिद्ध न होताही, तुझी म्हणून ती तुला वागवावी लागेल, असे बजावते. जो समजूनउमजून किल्ली घेतो त्याच्यावर हा भार न्याय्य आहे. ज्या म्हातारीला ओटीपी म्हणजे काय हेच कोणी सांगितले नाही, तिने कोणतीही कबुली दिलेली नाही, आणि तिच्या नावावरील नोंदीस तिची कृती म्हणणे हे असत्य आहे, मग पडताळणी कितीही अचूक असो.

मृत्युपत्र मात्र या अधिनियमाने आपल्या कक्षेबाहेर ठेवले आहे. 1925 च्या भारतीय उत्तराधिकार अधिनियमाप्रमाणे सामान्य नागरिकाच्या मृत्युपत्रास आजही किमान दोन साक्षीदारांची साक्ष लागते. पुष्कळांना हा केवळ जुनाटपणा वाटतो. मला तसे वाटत नाही. इतर कोणत्याही दस्तऐवजाविषयी तंटा उपस्थित झाला, तर कर्ता न्यायासनासमोर येऊन ही कृती माझी किंवा माझी नव्हे असे सांगू शकतो, आणि हा एकच दस्तऐवज असा आहे की, ज्याचा अंमल सुरू होतो तेव्हा ते सांगणारा उरलेला नसतो.