शिखरावरील अश्वत्थ

देवळाच्या शिखरावर पिंपळाचे रोप उगवले, तर ते काढावे की राहू द्यावे? मैलुरात काय किंवा बीदरच्या आसमंतात काय, कोणत्याही देवळाच्या विश्वस्तांस हा प्रश्न पडण्याजोगा आहे. पिंपळ तोडणे हे पाप, अशी आपली परंपरागत श्रद्धा. शिवाय गीतेच्या दहाव्या अध्यायात भगवंतांनी सर्व वृक्षांत आपण अश्वत्थ असल्याचे सांगितले आहे.

हे रोप तेथे जगते कसे, ते आधी पाहावे. आमची भूमी जांभ्या दगडाची. पुष्कळ ठिकाणी मातीचा थर अगदी पातळ. पिंपळास तेवढीही माती लागत नाही. पाखरे फळ खातात आणि बी त्यांच्या विष्ठेवाटे भेगेत पडते. तेथे साचलेली धूळ, कुजलेला पाचोळा आणि थोडे पावसाचे पाणी, एवढ्या भांडवलावर ते रुजते. सांध्यांतील चुना ओल धरून ठेवतो. मूळ त्या ओलीचा माग काढीत आत शिरते. प्रारंभी ते दोऱ्याएवढे असते, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. पुढे ते जाड होते आणि पाचरीप्रमाणे चिरे सरकवते. वरचा शेंडा खुडून काही साधत नाही, मुळातून पुन्हा कोंब फुटतात.

कोणी म्हणतील, गीतेच्याच पंधराव्या अध्यायात अश्वत्थ छेदण्यास सांगितले आहे. परंतु तो अश्वत्थ संसाररूपी आणि ते शस्त्र असंगाचे. त्याचा आधार कुऱ्हाडीस देणे ही पळवाट होय. दुसऱ्या बाजूसही पळवाट आहेच. पापभयाने रोपास हात न लावणारा त्याचे रक्षण करीत नाही, निर्णय तेवढा पुढच्या पिढीवर ढकलतो. कंबोडियात जयवर्मन सातवा याने इ. स. ११८६ मध्ये स्थापिलेले ता प्रोम हे बौद्ध मंदिर पाहा. तेथे महावृक्षांच्या मुळांनी चिरे फोडले, आणि आज काही भिंती त्याच मुळांच्या आधाराने उभ्या आहेत. झाड काढावे तर भिंत ढासळण्याचे भय, ठेवावे तरी भय.

माझ्या मते, वीतभर रोप पहिल्या पावसात, सांधे ओले असताना, मुळासह अलगद काढून जमिनीत लावण्यात दोष नाही. भेग मात्र लगोलग चुन्याने बुजवावी, नाही तर दुसरे पाखरू येईलच! मूळ मनगटाएवढे झाल्यावर चिरा उतरविल्याखेरीज ते निघत नाही. तेव्हा देऊळ की वृक्ष, हे ठरवावेच लागते. तेथे मी देवळाच्या बाजूने मत देईन. पण ते हलक्या मनाने देता येणार नाही.