तेच पाप पुन्हा?



प्रायश्चित्त संस्काराला जाताना आपल्याला एक प्रश्न छळतो. दर वेळी आपण तेच पाप कबूल करतो, मग आपला पश्चात्ताप खोटा तर नाही ना?

अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत ॲन ग्रेबिएल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांना गोड पेयाकडे धावण्याची सवय लावली. पुढे त्या पेयाने मळमळ होते हे उंदरांना कळले. ते पिईनासे झाले, तरी धावत मात्र तिकडेच! मेंदूच्या पुढच्या भागातील एक लहानशी जागा प्रकाशाच्या साहाय्याने थांबवताच ती सवय सुटली. कालांतराने नवी सवय लागली. पण तीच जागा पुन्हा थांबवताच जुनी सवय परत आली! २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगातून दिसले, की जुनी सवय पुसली जात नाही, नव्या सवयीखाली झाकली जाते.

मग दारूला, जुगाराला, शिवीगाळीला आपण जबाबदार नाही का? सवयीमुळे दोषाचा भार हलका होऊ शकतो, हे ख्रिस्तसभाही मान्य करते. पण उंदराची सवय दुसऱ्याने थांबवली. आपण स्वतः 'नको' म्हणू शकतो, मदत मागू शकतो, प्रभूच्या कृपेला हाक मारू शकतो. सद्गुणदेखील वारंवार केलेल्या कृतींनीच अंगी मुरतो, असे संत थॉमस अक्वायनस शिकवतात.

जुन्या मोहाने डोके वर काढले म्हणून पश्चात्ताप खोटा ठरत नाही. या आठवड्यात आपण एवढेच करू या: पाय जुन्या वाटेला वळतात त्या वेळेसाठी दुसरे काम नेमून ठेवू या. जपमाळ म्हणू या, आजारी शेजाऱ्याला भेटू या. आणि घसरलो, तर न लाजता पुन्हा प्रभूकडे येऊ या.