पॉम्पेई येथील मृतांकडे पाहणें योग्य आहे काय?

दुसऱ्याचें मरण मनोरंजनासाठीं पाहणें सर्वांसच निंद्य वाटतें. पण त्या मरणास दोन हजार वर्षें होत आलीं, म्हणजे पाहण्यांतील दोष आपोआप नाहींसा होतो काय? इटली देशांतील पॉम्पेई नगराच्या अवशेषांत दुसऱ्यांदा फिरत असतां हा प्रश्न आम्हांस पडला. पहिल्या खेपेस रस्ते, भट्ट्या, देवळें आणि भिंतींवरील चित्रें पाहतां पाहतांच दिवस सरला होता. एकदां पाहिलेल्या ठिकाणीं पुनः जाण्याचा लाभ हाच कीं, नवलाची भूक भागलेली असते व दृष्टि स्थिर होते.

ज्या वाचकांस या नगराची माहिती नाहीं त्यांच्यासाठीं थोडें सांगतों. नेपल्सच्या आखाताकांठीं व्हेसूव्हियस नांवाचा ज्वालामुखी पर्वत आहे. इ. स. ७९ सालीं त्याचा स्फोट होऊन पॉम्पेई नगर राख व हलके दगड यांखालीं गाडलें गेलें. प्रेषितांचीं कृत्यें या पुस्तकाच्या शेवटच्या अध्यायांत पौल ज्या पुत्युल बंदरीं उतरला, व जेथें त्यास बंधुजन भेटले, तें याच आखातावर आहे. त्यानंतर सुमारें वीस वर्षांनीं हा अनर्थ झाला.

इ. स. १७४८ पासून तेथें खोदकाम होत आलें आहे. तरी नगराचा सुमारें एकतृतीयांश भाग अद्यापि मातीखालींच आहे. राखेंत सांपडलेल्या मनुष्यांचें मांस कालांतरानें झिजून गेलें, पण त्यांच्या आकाराच्या पोकळ्या तशाच राहिल्या. इ. स. १८६३ सालीं ज्युझेप्पे फ्योरेल्ली या अधिकाऱ्यानें अशा पोकळींत पातळ प्लास्टर ओतविलें, आणि तें घट्ट झाल्यावर भोंवतालची राख काढविली. ओतारी सांचांत पितळ ओततो तशीच ही रीत. मरतेवेळीं मनुष्य जसें पडलें तसाच त्याचा आकार हातीं आला. अशा शंभरांहून अधिक आकृति आज आहेत. कोणी तोंडावर हात धरून बसलेला, कोणी पालथा पडलेला. त्यांच्यापुढें उभे राहून प्रवासी हंसत हंसत आपलीं छायाचित्रें काढून घेतात.

त्यांस एकदम दोष द्यावा असें आम्ही म्हणत नाहीं. त्या आकृतींपासून विद्वानांस पुष्कळ ज्ञान मिळालें, हें खरें; आणि त्या मृतांस आतां कोणाच्या हंसण्याचें दुःख होत नाहीं, हेंही खरें. पण आपल्या गांवीं कोणी विहिरींत बुडून मेला, आणि परगांवचे लोक त्याचें प्रेत पाहण्यास शिदोरी बांधून आले, तर आपण त्यांस काय म्हणूं? काळाचें अंतर वाढल्यानें मरणाऱ्याची तळमळ कमी ठरत नाहीं. आपली भीड मात्र चेपते.

या संबंधांत रोम शहरांतील एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. पॉम्पेईचा नाश झाला तेव्हां तीत हा बादशहा होता. (पौलाचा सोबती तीत तो हा नव्हे, इ. स. ७० सालीं यरुशलेमाचा विध्वंस ज्याच्या सैन्यानें केला तो हा.) त्यानें आपद्ग्रस्तांच्या साह्यासाठीं अधिकारी नेमिले, व जे निर्वारस मेले त्यांची मालमत्ता पडलेल्या नगरांच्या उभारणीस लाविली, असें स्वेतोनियस हा रोमी ग्रंथकार लिहितो. आणि त्याच बादशहानें पुढच्याच वर्षीं कोलोसियम नांवाचें प्रचंड प्रेक्षागार उघडून शंभर दिवस खेळ करविले. त्यांत हजारों पशु मारिले गेले, आणि मनुष्यांसही एकमेकांशीं लढविलें. पॉम्पेईची वार्ता ऐकून जे हळहळले असतील, त्यांपैकींच पुष्कळ त्या पायऱ्यांवर बसून टाळ्या वाजवीत असतील. कोलोसियमच्या त्या मोडक्या पायऱ्यांकडे आम्हांस पुनः पहिल्या नजरेनें पाहवेना.

आपले अश्रूही तपासून पाहण्यासारखे आहेत. पॉम्पेईच्या एका घरांत सोन्याचें कांकण असलेलें एक प्रौढ मनुष्य व त्याच्या मांडीवर एक मूल, अशा आकृति मिळाल्या. कांकणावरून ती आई व तें तिचें लेंकरूं असें ठरवून पुष्कळांनीं डोळे पुसले. इ. स. २०२४ सालीं हाडांच्या आनुवंशिक परीक्षेचा निकाल प्रसिद्ध झाला, त्यांत तो प्रौढ पुरुष होता, व त्या मुलाशीं त्याचें रक्ताचें नातें नव्हतें, असें आढळलें. आई म्हणून ज्याच्यासाठीं रडलों तो परका निघाला, म्हणून अश्रू आटावे काय? परक्याचें मूल मांडीवर घेऊन मेलेला तो मनुष्य आम्हांस तर आतां अधिकच जवळचा वाटतो.

आमचें मत असें कीं, या मृतांकडे पाहण्यास हरकत नाहीं. पण आधीं ते जगले कसे हें पाहावें. नगराच्या तटाबाहेर चीविता जुलियाना येथें इ. स. २०२१ सालीं एक खोली उघडकीस आली. ती दासांची असावी असा शोधकांचा निर्णय आहे. लांकूड कुजून गेलें होतें. त्याच्याही पोकळींत प्लास्टर ओतूनच आंतील वस्तूंचे आकार मिळविले. सुमारें सोळा चौरस मीटर जागा, उंचावर एक लहान खिडकी, आणि तीन खाटा, दोरीनें विणलेल्या, अगदीं आपल्या बाजेसारख्या. एका लांकडी पेटींत घोड्याच्या साजाचे भाग होते. कोपऱ्यांत घागरी रचलेल्या, आणि खाटांखालीं त्या लोकांचें स्वतःचें किडुकमिडुक सरकवून ठेविलेलें. दोन खाटा एक मीटर सत्तर सेंटीमीटर लांब आहेत. तिसरी एक मीटर चाळीस आहे; ती बहुधा लेंकराची.