शांतता कुणाची, शिक्षा कुणाला?

एखाद्याच्या नुसत्या असण्याने जमाव खवळत असेल, तर शिस्त कुणाला लावायची? १९५६ च्या फेब्रुवारीत अलाबामा विद्यापीठापुढे हाच प्रश्न होता. ऑथरीन लूसी तिथल्या पहिल्या कृष्णवर्णीय विद्यार्थिनी. न्यायालयाच्या आदेशाने प्रवेश मिळाला, पण वसतिगृहात जागा नाकारली गेली.

वर्ग सुरू होऊन तिसरा दिवस. जमावाने त्यांच्यावर अंडी फेकली, जिवे मारण्याच्या आरोळ्या दिल्या. त्याच दिवशी विश्वस्तांनी त्यांना निलंबित केलं. कारण दिलं सुरक्षिततेचं. विद्यापीठ जमावाला सामील असल्याचा आरोप लूसी यांच्या वकिलांनी केला, नंतर मागेही घेतला. न्यायालयाने लूसी यांना परत घ्यायला सांगताच त्याच आरोपाचं निमित्त करून त्यांना कायमचं काढून टाकलं गेलं.

विद्यापीठाचं गाव शांत झालं.

त्या शांततेवरच मार्टिन ल्यूथर किंग यांनी मार्चमध्ये प्रवचन दिलं. ‘मी शांतता नव्हे, तलवार आणायला आलो आहे’ या येशूच्या वचनाचा अर्थ लावत त्यांनी मांडलं की, तणाव नाही एवढ्यावर शांतता खरी ठरत नाही. तिथे न्याय हवा.

विद्यार्थ्याला असं परस्पर काढून टाकण्याला पुढे कायद्याने आळा घातला: १९६१ च्या डिक्सन खटल्यातल्या निकालाने सरकारी महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांना हकालपट्टीपूर्वी नोटीस आणि सुनावणीचा हक्क दिला. पण सुनावणी घेणाऱ्या समितीत बहुतेक श्वेतवर्णीयच बसले असतील आणि कृष्णवर्णीय मुलाचा चढलेला आवाज त्यांना धमकीच वाटत असेल, तर सुनावणी होऊनही न्याय होईलच असं नाही.

लूसी यांची हकालपट्टी १९८८ मध्ये रद्द झाली. १९९२ मध्ये त्यांनी तिथूनच पदव्युत्तर पदवी घेतली. त्यांची मुलगीही त्याच वेळी पदवीधर झाली.