आग्रह आणि आरोग्य

पाहुण्याने पानावर आडवा हात धरला, तरी तुपात बुडविलेला आणखी एक बाफला वाढावयाचा, यालाच आपण माळव्यात आतिथ्य म्हणतो. मधुमेह्याच्या बाबतीत हे पुण्य ठरेल काय? त्याचे डोळे व मूत्रपिंडे हळूहळू निकामी होतात, तेव्हा वाढणारा जवळ नसतो.

चरकसंहितेने प्रमेहाच्या कारणांत बसून राहण्याचे व निद्रेचे सुख प्रथम गणिले; सुश्रुतसंहितेने तर निर्धन रोग्यास अनवाणी शंभर योजने चालावयास सांगितले! २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय अभ्यासात, मधुमेहाच्या उंबरठ्यावरील ज्या लोकांनी आहार सुधारला व चालण्याचा नेम धरला, त्यांच्यात तो जडण्याचे प्रमाण इतरांहून सुमारे २८ टक्क्यांनी कमी आढळले.

आम्ही पुजाऱ्याच्या घरचे; म्हणून प्रसाद नाकारावा कसा, असे आम्हांस विचारतात. आमच्या मते कणभर प्रसादही पूर्ण प्रसादच होय. द्रोणभर शिरा हे जेवण झाले. कालीसिंध काही दूर नाही, पण तेथवर जावयासही मोटारसायकल लागते! पाहुण्याचे ‘नको’ खरे मानावे, आणि जेवणानंतर त्याच्यासोबत नदीपर्यंत पायी जावे. एवढा आग्रह मात्र खुशाल करावा.