बाहेर कोण उभं राहणार?



आज गीतेचा दुसरा अध्याय. ज्ञानी माणसं गेलेल्यांचा शोक करत नाहीत आणि असलेल्यांचाही नाही, असं भगवंत अर्जुनाला सांगतात, तिथे येऊन मी थांबलो. बाबांना जाऊन चौदा महिने झाले. तेव्हा भेटायला येणाऱ्या प्रत्येकाने हेच ऐकवलं होतं. आत्मा अमर आहे, रडू नका. आम्ही ऐकलं, रडलो नाही. म्हणजे एकमेकांसमोर नाही.

मग शोक करणं म्हणजे श्रद्धा कमी पडणं का?

याच अध्यायावर ज्ञानदेवांनी ओव्या सांगितल्या त्या निवृत्तिनाथांसमोर. ते थोरले भाऊ आणि गुरूही. १२९६ साली आळंदीला ज्ञानदेवांनी समाधी घेतली, तेव्हा हेच निवृत्तिनाथ किती कासावीस झाले ते नामदेवांच्या समाधीच्या अभंगांत आहे. आत्मा अमर आहे हे त्यांना कोणी शिकवायचं! तरी व्याकूळ झाले, सगळ्यांदेखत. मला ते वाचून दर वेळी धीर येतो.

आमच्याकडे उलट. आईला त्रास नको म्हणून मी गप्प, माझ्यासाठी दादा गप्प, आणि आम्हा दोघांसाठी आई. मागच्या महिन्यात बाबांच्या नंबरवर रिचार्ज मारायला गेलो (गुपचूप, नेहमीसारखा), तर मुदत आधीच वाढलेली. दादाही तेच करत होता. फोन आईच्या कपाटात असतो. तो चार्ज कोण करतं, हे आम्ही कधी विचारलंच नव्हतं.

लोकांच्या बोलण्याने दुखावून ज्ञानदेवांनी झोपडीची ताटी लावून घेतली, तेव्हा मुक्ताई बाहेर उभी राहून त्यांना विनवत राहिली. ताटी ती केवढी, एका धक्क्यात पडली असती. तिने ढकलली नाही. पण निघूनही गेली नाही. आमचं चुकलं ते इथेच. तिघंही आत, बाहेर उभं राहायला कोणी नाही.

परवा जेवताना मीच रिचार्जचा विषय काढला. दादा हसला आणि मग उठून बेसिनपाशी गेला, बराच वेळ नळ चालू होता. आईने कपाटातून फोन आणून ताटाशेजारी ठेवला. पिन कोणालाच माहीत नाही. आई म्हणाली, चार शून्य असतील, ह्यांच्या लक्षात काय राहायचं! चार शून्य नव्हते. आज लग्नाचं साल टाकून बघणार आहोत.