काहीच नाही

आजचं वाचन छांदोग्य उपनिषदातलं, सहावा अध्याय, बारावा खंड. बारा वर्षं शिकून श्वेतकेतू घरी येतो, सगळं कळल्याच्या तोऱ्यात. वडील उद्दालक त्याला वडाचं फळ आणायला सांगतात. फोड. काय दिसतं? बारीक बिया. त्यातली एक फोड. आता? श्वेतकेतू म्हणतो, काहीच नाही.

मी दरवेळी इथून पुढे पळायचे, महावाक्याकडे. या मे महिन्यात माहेरी, युसूफ वडगावला, या दोन शब्दांवर अडकले.

पाच वर्षांच्या लेकीसाठी मी पुण्याहून तयारीनिशी आले होते. ‘एका वस्तूचे दहा उपयोग’, ‘असं झालं तर?’ असे कल्पकता वाढवणारे खेळ मोबाइलमध्ये उतरवून घेतले होते. वडाखाली लाल फळं पडलेली दिसली आणि म्हटलं, उपनिषद इथेच शिकवू. व्हिडिओही होईल!

तिनं फळ फोडलं, बी नखावर घेऊन चिरडली.

"काय दिसतंय?"

"काहीच नाही."

"नीट बघ ना. आत झाड लपलंय की नाही?"

ती बीकडे नाही, माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "हो, आहे झाड."

मी खूश. घरी व्हिडिओ दाखवला तर आई म्हणाली, "तिला कुठं दिसलं गं झाड? तू म्हणाय लावलंस."

लागलं ते. लेकराला मी उपनिषदाच्या नावानं खोटं बोलायला शिकवलं होतं आणि वर त्याला कल्पकता म्हणत होते. उत्तर तर उद्दालकांनाही ठाऊक होतं की! पण त्यांनी मुलाचं ‘काहीच नाही’ खोडलं नाही. तेच धरून ते पुढे गेले: तुला जे दिसत नाही, त्यातूनच हा एवढा वड उभा आहे.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केलं. मुलं शाळेपर्यंत येत नाहीत तर त्यांनी शाळाच अंगणात नेली. महागडी साधनं नव्हती. खडे, पानं, बिया चालायच्या. बिया माझ्याकडेही होत्या हो. पण उत्तर मी आधीच ठरवून बसले होते.

मग मूल चुकलं तर सांगायचंच नाही? सांगायचं की, सरळ सांगायचं. प्रश्नाचं सोंग कशाला?

दुसऱ्या दिवशी मी तिला म्हटलं, "काल तुझं बरोबर होतं. मीच चुकले."

"मग मला हो का म्हणायला लावलंस?"

याला उत्तर नव्हतं माझ्याकडे. व्हिडिओ पुसून टाकला.

येताना तिनं थोड्या बिया आणल्या. खिडकीत, दह्याच्या रिकाम्या डब्यात मातीत पेरल्यात. रोज सकाळी दात घासायच्या आधी जाऊन बघते आणि तिथूनच ओरडते, "आई, अजून काहीच नाही!"